२२ लाखांत सिनेमा करायचाय आणि बाबा प्लॉट विकायला निघालेत

पत्र: ताई नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावातला, वय २९, तीन शॉर्ट फिल्म केल्यात, आता फीचर करायचीय. गोष्ट एप्रिल २०१६ च्या दुष्काळातली, पाण्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी, शेवटी पाऊस पडतो. कथा मित्राची, पटकथा माझी, ११० सीन आणि ३१ लोकेशन. २२ लाख जमतील. पाच मित्र प्रत्येकी २ लाख कॅश देतायत, २ लाख माझे आणि उरलेल्या १० साठी बाबा गावाबाहेरचा प्लॉट विकायला तयार आहेत. बजेट असं काढलंय: कॅमेरा ४ लाख, लाइट २, कलाकार ५, टेक्निशियन ५, प्रवास-राहणं अडीच, जेवण ६० हजार (आई आणि मावशी करणारेत), म्युझिक १ लाख ४० हजार, पोस्ट १ लाख, इतर ५० हजार. ३५ जणांचं युनिट, २४ दिवस, १० एप्रिलला मुहूर्त. नंतर सरकारी अनुदानाचे ४० लाख आले की सगळ्यांचे परत करू. बजेट बरोबर आहे का? बाबांना हो म्हणू का? मला अरे-तुरेच करा.
– टँकरवाला, लातूर

टँकरवाल्या, बेरीज बरोबर आहे, २२ च येते, कॅल्क्युलेटरवर करून बघितली. बाकीचं बरंच बोलायचंय त्यामुळे चहा घेऊन बस. प्लॉटचं उत्तर शेवटाकडे देते कारण ते मधल्या हिशोबावर अवलंबून आहे, उडी मारून खाली जाऊ नकोस.

तुझ्या बजेटची दिशा उलटी आहे. तू कॅमेऱ्यापासून सुरुवात केलीस आणि खाली येता येता जे उरलं ते पोस्टला, म्हणजे शूटनंतरच्या एडिट, साउंड, कलरच्या कामाला दिलंस. सगळे असंच करतात, कारण कॅमेरा डोळ्यासमोर दिसतो आणि साउंड मिक्स दिसत नाही. मी लाइन प्रोड्युसर म्हणून, म्हणजे शूटचा रोजचा खर्च आणि कारभार सांभाळणारी म्हणून, जी बजेटं बघते त्यात बहुतेकांची शेवटची ओळ अशीच असते, पोस्ट १ लाख, इतर ५० हजार, आणि मग शूट होतं, केक कापतात, फेसबुकवर रॅप अपचे फोटो पडतात आणि पिक्चर डिस्कमध्ये जाऊन बसतो तो बसतोच. शूट पूर्ण झालेले पण पोस्टला पैसे नाहीत म्हणून अडकलेले असे किती पिक्चर पुण्या-मुंबईत पडून असतील याची मोजदाद कोणी करत नाही. तर बजेट शेवटाकडून काढायला घे. प्रेक्षक थिएटरात बसलाय, पडद्यावर तुझा पिक्चर चालू आहे, आवाज सगळीकडून नीट येतोय, खाली सबटायटल आहेत, इथपर्यंत पोचायला काय काय लागलं ते आधी लिही आणि ते पैसे बाजूला काढ, मग जे उरेल त्यात शूट. उरलेल्यात पटकथा बसत नसेल तर पटकथा बदलायची, पोस्टला हात लावायचा नाही.

आता त्या १ लाखात काय काय बसवलंयस बघ. एडिट, जे शॉर्ट फिल्मसारखं दहा दिवसांत होत नाही, तीन-चार महिने धर. मग डायलॉग एडिट, फोली (पावलं, भांडी असे आवाज वेगळे रेकॉर्ड करणं), अॅम्बियन्स (त्या जागेचा आवाज), शेवटी ५.१ मिक्स (थिएटरात सगळीकडून येणारा आवाज), ज्याला खरा मिक्सिंग स्टुडिओ लागतो आणि तो शिफ्टवर पैसे घेतो. कलरसाठी डीआय, म्हणजे सगळ्या शॉटचे रंग जुळवणं. टायटल्स. इंग्रजी सबटायटल, ते नसतील तर फेस्टिव्हलचा दरवाजाच बंद. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायची डिजिटल प्रत. आणि या सगळ्याच्या आधी हार्ड डिस्क! रोजचं फुटेज साधारण अर्धा टीबी धरलं तर २४ दिवसांचं १२ टीबी, आणि एकाच कॉपीवर कोणी शहाणा माणूस झोपत नाही म्हणून दोन कॉपी, म्हणजे २४ टीबी. त्या १ लाखातले निम्मे तरी इथेच गेले रे.

म्हणून माझी मांडणी अशी. २२ लाखांतून पहिले २ लाख २० हजार, म्हणजे १० टक्के, अडीअडचणीला, आणि ही रक्कम शूट संपेपर्यंत कोणत्याही ओळीत मिसळायची नाही, डीओपीने, म्हणजे कॅमेरामनने, कितीही गोड बोलून लेन्स मागितली तरी. ५ लाख पोस्टला. १ लाख २० हजार सेन्सॉर, करारपत्रं, सीए, फेस्टिव्हलच्या फिया आणि पोस्टर यांना, या सगळ्यासाठी तुझ्या शीटमध्ये एक ओळही नाहीये. म्युझिकला ८० हजार. राहिले १२ लाख ८० हजार. त्यातले दीड लाख प्रीपला, म्हणजे रेकी (लोकेशन बघून येणं), कपडे, प्रॉपर्टी (सीनमधल्या वस्तू), मुलीबरोबरचं वर्कशॉप. हातात उरले ११ लाख ३० हजार, हे तुझे शूटचे खरे पैसे. २० दिवसांत करायचं ठरवलंस तर दिवसाला ५६ हजार ५०० रुपये.

हा आकडा फ्रीजवर चिकटव. तुझ्या शीटप्रमाणे पोस्ट, म्युझिक आणि इतर सोडून उरलेले १९ लाख १० हजार २४ दिवसांत उडणार होते, दिवसाला जवळजवळ ८० हजार. म्हणजे प्रश्न कॅमेरा कोणता घ्यायचा हा नाहीच, दिवस ८० हजारांचा आहे तो ५६ हजारांचा कसा करायचा हा आहे, आणि त्याचं उत्तर पटकथेत आहे, रेंटलवाल्याकडे घासाघीस करून फार तर हजार-दोन हजार सुटतील.

पटकथेत सगळ्यात महाग गोष्ट कोणती माहितीये? ड्रोन नाही, टँकर नाही, ती नऊ वर्षांची पोरगी. तिच्या मानधनाबद्दल नाही बोलत मी. बालकलाकार असला की ज्या जिल्ह्यात शूट आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, २०१७ च्या नियमांप्रमाणे मूल दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम करू शकत नाही, सलग ३ तासांहून जास्त विश्रांतीशिवाय नाही, तिच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम तिच्या नावावर फिक्स डिपॉझिटमध्ये ठेवायची, पालकांची संमती हवी, शाळा बुडू नये हेही बघायचं. लहान प्रोड्युसर हे वाचतच नाहीत आणि सेटवर पोरं रात्री अकराला पेंगत असतात, हे मला अजिबात आवडत नाही. पण नुसता हिशोब म्हणून बघितलंस तरी तुझी १२ तासांची शिफ्ट तिच्या सीनपुरती ५ तासांची झाली. ११० पैकी ६० सीन तिच्यावर असतील तर २४ दिवसांतही बसणार नाही, कितीही ओढाताण केलीस तरी.

यावर उपाय आहे आणि तो गंमत म्हणजे तुमच्याकडचा उन्हाळाच देतो. एप्रिलअखेरीस, मेमध्ये लातुरात दुपारी ४० च्या वर पारा, १२ ते ४ युनिट उभं राहूच शकत नाही, कॅमेरे गरम होऊन बंद पडतात, माणसं चक्कर येऊन पडतात, आणि ऊन इतकं डोक्यावर की चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. म्हणजे दुपार अशीही गेलेलीच. मग दिवस असा लाव, पहाटे ६ ते ८ ड्रायव्हरचे आणि मोठ्या माणसांचे सीन, ८ ते ११ मुलगी (मध्ये एक सुट्टी देऊन), मग सगळ्यांनी जेवून सावलीत आडवं व्हायचं, साडेचार ते साडेसहा परत मुलगी, ३ आणि २ मिळून झाले ५, आणि त्यानंतर अंधार पडेपर्यंत परत मोठ्यांचे. तिच्यावरचे रात्रीचे सीन दिवसाचे कर, नाहीतर ती आत झोपलीये असं लिही. असं केलंस की लाइट २ लाखांचे लागत नाहीत, सकाळ-संध्याकाळचा उजेड तुझा, दोन-चार एलईडी, थर्माकोल आणि कापड यावर भागतं, जनरेटर दोन-तीनच दिवस बोलवायचा. साउंडवालाही तुला दुवा देईल, जनरेटर नाही म्हणजे सिंक साउंड, शूट करतानाच रेकॉर्ड होणारा आवाज, स्वच्छ आणि डबिंगचा खर्च नाही.

लोकेशन ३१ आहेत ते १२ वर आण. एका जागेवरून सामान उचलून दुसरीकडे लावायला, गाव लहान असलं तरी, दीड-दोन तास जातात, दिवसात दोन मूव्ह झाले की सकाळ गेली. सरपंचाचं घर, मास्तरांचं घर, बँक मॅनेजरचं घर ही तीन वेगळी घरं कशाला हवीत, एकाच वाड्याच्या तीन बाजू होतात आर्टवाला हुशार असेल तर. तालुक्याच्या ऑफिसातला सीन फोनवर होतो का बघ. आणि शेवटच्या भागात पाण्याच्या रेल्वेचा सीन असेलच तुझ्या पटकथेत, मिरजेहून आलेली ती गाडी, लातूरकराने २०१६ वर लिहिलं आणि ती गाडी नाही असं होणारच नाही. रेल्वेच्या हद्दीत शूट म्हणजे झोनच्या ऑफिसची परवानगी, रोजची फी, डिपॉझिट, विमा, आणि एवढं करून तुझ्या तारखेला तुला हवी तशी वाघीण (पाण्याच्या टाकीचा डबा) मिळेलच असं काही नाही. गाडी ऐकव, दाखवू नको. लोक रुळाच्या दिशेने बघतायत आणि शिट्टी वाढत जाते, हे तुझ्या ५ लाखांच्या पोस्टमधून फुकटात होतं. बघ, पोस्टला पैसे ठेवले की शूट स्वस्त होतं ते असं.

पावसाचं मात्र मला हसूच आलं, रागावू नकोस. दुष्काळावरचा पिक्चर, मे महिना, आणि क्लायमॅक्सला खोटा पाऊस पाडायला तू पाच-सहा टँकर पाणी मागवणार, त्याच गावात जिथे बायका हंडे घेऊन बसल्यात. पैशाचं सोड, गाववाले दगड मारतील आणि मी त्यांच्या बाजूने असेन. वर उन्हाळ्यात टँकर मिळायचाच वांधा, ज्याच्याकडे आहे तो सरकारी नाहीतर खाजगी खेपांवर असतो, तुझ्या हिरोचा टँकर उभा करायचा म्हणजेसुद्धा त्याच्या दिवसभराच्या खेपांचे पैसे भरून द्यावे लागतील, नुसतं ‘मित्राचा आहे’ म्हणून २० दिवस कोणी गाडी उभी करत नाही. तर टँकर लागणारे सगळे सीन सलग ५ दिवसांत बसव आणि ५ च दिवसांचे पैसे दे, बाकी वेळी ड्रायव्हर पायी फिरू दे. पावसाचं खाली सांगते.

२०१६ हाही खर्च आहे हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. दहा वर्षांपूर्वीचं म्हणजे कालचंच असं वाटतं, पण एप्रिल २०१६ म्हणजे नोटबंदीच्या आधी, ड्रायव्हरला पैसे देताना जुनी पाचशेची नोट दिसली पाहिजे, हल्लीची करडी पाचशेची दिसली की थिएटरातला पहिला पोरगा ओरडणार. दुकानाबाहेर क्यूआर कोड नको. फोन, रिचार्जच्या पाट्या, नव्या गाड्या, पुढाऱ्यांचे फ्लेक्स, सगळं झाकायचं किंवा काढायचं, प्रत्येक फ्रेममध्ये. गोष्टीला ते साल खरंच लागतं का ते एकदा विचार. ‘एका उन्हाळ्यात’ म्हटलं तर आर्टचे निदान ५०-६० हजार वाचतात असा माझा अंदाज आहे. नसेल सोडायचं तर नको सोडू, पण मग ते पैसे लिही.

आता जेवण. ६० हजार भागिले २४ दिवस भागिले ३५ माणसं, माणशी दिवसाला ७१ रुपये. त्यात सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, संध्याकाळचं खायला, आणि चहा तर मोजूच नको. बाहेरून करून घेतलंस तर तुमच्याकडेसुद्धा माणशी ४०० धर, म्हणजे ३५ माणसांचे २४ दिवसांचे ३ लाख ३६ हजार. मधला फरक कुठून आला? आई आणि मावशीकडून. मेमध्ये, चुलीपुढे, ३५ माणसांचं, पहाटे चारपासून. फाळक्यांनी १९१२-१३ ला पहिला पिक्चर केला तेव्हा सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या, शिवाय कपडे धुणं आणि फिल्मला भोकं पाडणं हेही त्यांच्याकडेच, आणि आपण सगळे ती गोष्ट कौतुकाने सांगतो. मला तो किस्सा ऐकला की पहिला विचार हाच येतो की हे कुठल्या खात्यात लिहिलं होतं. गावातल्या दोन बायकांना रोजावर ठेव, भांडी-गॅस भाड्याने घे, किराणा लातूरच्या मोंढ्यातून होलसेल भर, आईला फक्त देखरेख करू दे आणि तिचंही नाव लिही, रक्कम लिही, मग तिने घेतली नाही तर तो तिचा प्रश्न. युनिट २२ वर आणलंस तर ४०० नेसुद्धा २० दिवसांचे १ लाख ७६ हजारच होतात. झेपतंय की.

हीच पद्धत सगळ्या ‘फुकट’ गोष्टींना लाव. मित्राची गाडी, काकांचं घर, कॉलेजच्या पोरांचं असिस्टंट म्हणून काम. प्रत्येकाला बाजारभावाने रक्कम लिही आणि पुढच्या कॉलममध्ये ‘द्यायची नाही’ असं लिही. कारण नवव्या दिवशी मित्राला त्याची गाडी परत हवी असते, काकांकडे पाहुणे येतात, आणि तेव्हा तुला कळलं पाहिजे की खड्डा केवढ्याचा पडला. शिवाय डिझेल कोणीच फुकट देत नाही.

२२ माणसं कशी होतील असं म्हणशील. होतात. कॅमेरा मुंबईहून मागवलास तर त्याच्याबरोबर अटेंडंट येतात, त्यांचा रोज, प्रवासाचे दिवस, राहणं-खाणं सगळं तुझ्यावर, वर रेंटलच्या बिलाला १८ टक्के जीएसटी, जो तुझ्या शीटमध्ये कुठेच नाही, ४ लाखांचे ४ लाख ७२ हजार होतात आणि तू जीएसटीत रजिस्टर नसशील तर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिटही मिळत नाही. लातूर, उदगीर, नांदेडच्या लग्नवाल्या फोटोग्राफरांकडे आज काय काय पडलंय बघून ये जरा, सोनीच्या फुल फ्रेम बॉड्या, गिंबल, एलईडी, ड्रोनसुद्धा. चांगल्या डीओपीच्या हातात ते पुरतं, फक्त लेन्सचा एक सेट पुण्याहून आण. अडचण एवढीच की मेमध्ये लग्नसराई, दाट तिथीला ना फोटोग्राफर मिळणार ना लॉजवर खोली ना आचारी, आणि डीजेच्या आवाजात सिंक साउंड विसर. म्हणून शेड्युल लावताना एका हातात पंचांग पाहिजेच, दाट तिथ्यांना युनिटची सुट्टी टाक किंवा गावाबाहेरचे शेतातले सीन टाक. मी चेष्टा करत नाहीये.

माणसांच्या पैशांबद्दल, तीन जागी अजिबात हात आखडता घेऊ नको. साउंड रेकॉर्डिस्ट, फर्स्ट एडी (सेटवर शेड्युल चालवणारा पहिला असिस्टंट डिरेक्टर), आणि प्रॉडक्शनचा एक माणूस जो पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, सांभाळतो आणि रोज रात्री व्हाउचर लावल्याशिवाय झोपत नाही. हा तिसरा तुझा मित्र नसावा, तुला नाही म्हणू शकणारा पाहिजे. कलाकारांना ५ लाख ठेवलेत त्यात एखादा नावाचा चेहरा दोन दिवसांसाठी घ्यायचा विचार दिसतोय, मी तरी घेणार नाही, त्याच्याबरोबर मेकअपवाला, असिस्टंट, व्हॅनिटी नाहीतर हॉटेल हे सगळं येतं आणि दोन दिवसांत तुझा आठवड्याचा जेवणाचा खर्च खाऊन जातो. लातूर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), परभणीकडची नाटक करणारी पोरं बघ, भाषा तरी खरी लागेल. हंडे घेऊन बसलेली दीडशे माणसांची रांग असेलच ना, ती एकाच दिवशी उरकायची, सकाळी, रोजंदारी आणि जेवण देऊन, आणि त्यातही चाळीस माणसं नीट लावली तर दीडशे दिसतात.

ज्यांना आत्ता कमी पैसे देऊन ‘नंतर देतो’ म्हणणार आहेस त्यांना कागदावर दे. नाव, रक्कम, आणि पहिला पैसा आला की कोणाला आधी. टक्केवारी लिहिणार असशील तर कशातली टक्केवारी ते लिही, आलेल्या पैशातली की खर्च वजा जाऊन उरलेल्यातली, कारण छोट्या पिक्चरमध्ये खर्च वजा जाऊन सहसा काहीच उरत नाही आणि मग मैत्री जाते. कथा मित्राची आहे म्हणालास, त्याच्याकडून हक्काचं पत्र उद्याच घे, थोडे का होईना पैसे देऊन, चेकने. पिक्चर विकायला गेलास की पहिला कागद हाच मागतात. पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर कर, टायटल चित्रपट महामंडळात बघ.

रेडिओवर जुनं हिंदी गाणं वाजतंय असा सीन असेल तर काढ, त्या तीस सेकंदांचे हक्क तुझ्या आख्ख्या म्युझिकच्या बजेटला भारी पडू शकतात. जात्यावरची ओवी घे, आजी गावातलीच असेल, तिची लेखी परवानगी आणि मानधन दे. टीव्हीवरच्या बातम्यांचं खरं फुटेजही नको, स्वतः लिहून निवेदक उभा कर. शेळी-बैल असतील तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी आधी, नंतर सेन्सॉरला कागद मागतात तेव्हा शेळी कापून, म्हणजे एडिटमध्ये, वेळ मारून न्यावी लागते.

मित्रांचे पैसे कॅशमध्ये? नको. उसने म्हणून देत असतील तर २० हजार किंवा त्याहून जास्तीचं कर्ज रोखीने घेताच येत नाही, दंड आख्ख्या रकमेएवढा होऊ शकतो. खर्चाच्या बाजूलाही एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलेस तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरत नाहीत. वेगळं खातं उघड, पाचही जणांकडून ट्रान्सफर घे, प्रत्येकाशी दोन पानी करार कर ज्यात ‘पैसे बुडू शकतात’ हे वाक्य ठळक असेल. हे वाक्य वाचून दोघं मागे हटतील. आत्ता हटले तर परवडले.

अनुदान. ४० लाख ‘आले की’ असं लिहिलंयस जसं काही पगार आहे. अ दर्जाला ४० आणि ब दर्जाला ३० लाख हे योजनेतले आकडे तू वाचलेस ते ठीक, पण नियम आणि रकमा बदलत असतात, ताजा जीआर स्वतः वाच. पिक्चर पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, अर्ज करून, परीक्षण समितीने बघून दर्जा दिला तर ते मिळतं, न देण्याचाही त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि हातात पडेपर्यंत किती काळ जाईल हे तुझ्या हातात नाही. बजेटमध्ये जमेच्या बाजूला त्याची किंमत शून्य लिही. मिळालं तर मिठाई वाट. थिएटर रिलीजचाही या २२ मध्ये विचार करू नको, पब्लिसिटी आणि डिजिटल प्रिंटच्या फिया मिळून अजून एक पिक्चर होईल एवढे लागतात. तू फर्स्ट कट (एडिटची पहिली जोडणी) घेऊन नोव्हेंबरात गोव्याला एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, फिल्म बाजारात (आता वेव्हज फिल्म बाजार म्हणतात) जायचं टार्गेट ठेव, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबरच असतो, तिथे अर्धवट पिक्चर दाखवायची सोय आहे आणि पुढचे पैसे लावणारी माणसं भेटण्याची शक्यता निदान आहे.

तर प्लॉट. नको. बाबा हो म्हणालेत म्हणून तो पैसा तुझा झाला असं नाही, आणि परतीचा तुझा एकमेव मार्ग ज्या अनुदानावर उभा आहे त्याची किंमत आपण आत्ताच शून्य लिहिली. मग १० लाख कमी पडतात, म्हणजे १० एप्रिलचा मुहूर्त होत नाही. तसाही तो होणार नव्हता, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही आणि एप्रिलमध्ये पोरीची परीक्षा असेल. एक वर्ष पुढे ढकल, पुढच्या वर्षी परीक्षा संपल्या की सुरू कर.

या वर्षी काय करायचं, तर तुझ्या २ लाखांतून १ लाख १३ हजार काढ आणि मेमध्ये दोन दिवस शूट कर, बाप-लेकीचा टँकरमधला एक आख्खा सीन, मुलीची परवानगी रीतसर काढून, तेच छोटं युनिट, तोच रोजचा खर्च. फाळक्यांनीसुद्धा पैसे लावणाऱ्याला पटवायला आधी वाटाण्याच्या वेलाची वाढ शूट करून दाखवली होती, तोंडी गोष्ट सांगून भागलं नव्हतं. तुझ्या त्या पाच-सात मिनिटांवर उरलेले १० लाख मागता येतात, पटकथेच्या पीडीएफवर नाही. आणि ५६ हजारांत दिवस बसतो का हे दोन दिवसांतच कळेल, बसला नाही तर पटकथेला परत कात्री.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस येईल तेव्हा डीओपी, साउंडवाला, ड्रायव्हरचं काम करणारा आणि तू, चौघांनी जाऊन खरा पाऊस शूट करून ठेव. रस्ता, टँकरचं पत्र्याचं टप, काचेवरून ओघळणारं पाणी, ड्रायव्हरची पाठ. मुलीवर काही घेऊ नको, वर्षभरात ती दोन इंच वाढेल आणि दातही बदललेले असतील, तिचा क्लोजअप पुढच्या वर्षी एका बादलीत आणि एका झारीत होतो. ड्रायव्हरचा शर्ट मात्र धुवून, नाव लिहून, पिशवीत घालून कपाटात ठेव, वर्षाने तोच लागेल.

नवी शीट केलीस की पाठव, पण दिवसाचा खर्च सगळ्यात वरच्या ओळीत आणि पोस्ट दुसऱ्या ओळीत असेल तरच. पोस्ट परत तळाला दिसली तर मी फाइल उघडणार नाही.